‘टिपल्याची वेळ’ कोणाच्या साक्षीने? : ‘पर्फ’ या कार्यमापन साधनातील कालमुद्रेच्या दुरुस्तीची चिकित्सा

सारांश

संगणकीय आज्ञावलीचा वेळ नेमका कोठे खर्च होतो हे शोधणाऱ्या साधनांना प्रोफायलर म्हणजेच कार्यमापन साधने म्हणतात. लिनक्स कर्नलबरोबर येणारे ‘पर्फ’ हे अशा साधनांपैकी एक प्रमुख साधन होय. या साधनाच्या अहवालाच्या शीर्षभागात मापन केव्हा टिपले गेले हे सांगणारी एक ओळ छापली जाते. अनेक वर्षे ही ओळ फाईलच्या ‘सी-टाइम’ या नोंदीवरून तयार होत असे व त्यामुळे ती वारंवार चुकत असे. पुढे ‘सी-टाइम’ऐवजी ‘एम-टाइम’ ही नोंद वापरून दुरुस्ती करण्यात आली. प्रस्तुत लेखात या चुकीचे स्वरूप, तिचे परिणाम आणि दुरुस्तीची मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. दुरुस्ती आवश्यक व योग्य होती, तथापि तिने तारीख सुधारली, त्या तारखेमागचे विधान मात्र जसेच्या तसे ठेवले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कार्यमापन, कालमुद्रा, पर्फ, लिनक्स, अंतःसाक्ष्य, बहिःसाक्ष्य

प्रस्तावना

जुन्या पोथीचा काळ ठरविताना अभ्यासक दोन प्रकारच्या पुराव्यांचा आधार घेतात. संहितेच्या पोटात असलेले उल्लेख हे अंतःसाक्ष्य, तर कागद, शाई, बांधणी, पोथी कोणाच्या संग्रहात सापडली यांसारख्या गोष्टी हे बहिःसाक्ष्य. दोन्ही उपयुक्त असतात. पण बहिःसाक्ष्य हे वस्तूविषयी बोलते, संहितेविषयी नव्हे. नक्कलकाराने पोथीच्या शेवटी घातलेला शक हा नक्कल पूर्ण झाल्याचा शक असतो. त्यालाच ग्रंथरचनेचा शक मानले तर ग्रंथकाराचा काळ शतका-दोन शतकांनी सहज पुढे सरकतो.

संगणकातील फाईलच्या बाबतीतही हाच भेद लागू पडतो. फाईलच्या आत असलेला मजकूर वेगळा आणि त्या फाईलविषयी संगणकाने ठेवलेली बाह्य नोंद वेगळी. फाईलला चिकटलेली तारीख, जिला कालमुद्रा म्हणता येईल, ही बाह्य नोंद होय. पत्राच्या पाकिटावरील टपाल खात्याचा शिक्का आणि पत्रात लेखकाने स्वतः घातलेली तारीख यांत जे अंतर असते, तेच येथेही असते. सर्वसाधारण वापरात हे अंतर कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र ज्या साधनाचे कामच मोजमाप करणे आहे, त्या साधनाने पाकिटावरचा शिक्का पत्राची तारीख म्हणून वाचला तर काय घडते, याचे उदाहरण ‘पर्फ’च्या इतिहासात सापडते. दोष लहान आहे. तो दूर करण्यास एका नावाचा बदल पुरेसा ठरला. परंतु पुरावा आणि विधान यांच्या संबंधाविषयी त्यातून जे दिसते, ते लहान नाही.

साधनाचा परिचय

आज्ञावली संथ चालते तेव्हा तिचा कोणता भाग वेळ खातो हे अनुभवी जाणकारालाही केवळ वाचनाने सांगता येत नाही. त्यासाठी मोजावे लागते. या गरजेतून युनिक्स प्रणालीत ‘प्रॉफ’ व १९८२ साली मांडले गेलेले ‘जीप्रॉफ’ अशी साधने आली. लिनक्स कर्नलच्या २.६.३१ या २००९ सालच्या आवृत्तीपासून ‘पर्फ’ हे साधन कर्नलच्याच मूळ संहितेबरोबर उपलब्ध झाले.

त्याची कार्यपद्धती थोडक्यात अशी. ‘पर्फ रेकॉर्ड’ ही आज्ञा दिली की आज्ञावली चालू असताना ठरावीक अंतराने नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुन्यात त्या क्षणी प्रक्रियक कोणत्या ठिकाणी काम करीत होता याची नोंद असते. हे सारे नमुने ‘पर्फ.डेटा’ नावाच्या फाईलमध्ये साठवले जातात. नंतर ‘पर्फ रिपोर्ट’ ही आज्ञा त्या फाईलवरून अहवाल तयार करते. मापन आणि वाचन या दोन क्रिया अशा रीतीने एकमेकींपासून अलग आहेत. मापन आज एका यंत्रावर व्हावे आणि वाचन महिन्याभराने दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या व्यक्तीने करावे, हे या रचनेत अपेक्षितच आहे.

नेमक्या याच कारणामुळे फाईलने स्वतःविषयी पुरेशी माहिती बाळगणे आवश्यक ठरते. २०११ साली ‘पर्फ.डेटा’ ही फाईल अधिक स्वयंवर्णनात्मक व्हावी या स्पष्ट हेतूने तिच्या रचनेत महत्त्वाची भर घालण्यात आली व जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.२ या आवृत्तीतून ती वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. यंत्राचे नाव, कर्नलची आवृत्ती, प्रक्रियकाचा प्रकार, स्मृतीचे आकारमान आणि मापनासाठी दिलेली संपूर्ण आज्ञा, असा तपशील त्यानंतर फाईलमध्येच लिहिला जाऊ लागला. अहवालाच्या शीर्षभागात हा तपशील छापताना त्याच्याही आधी एक ओळ येऊ लागली : ‘कॅप्चर्ड ऑन’, अर्थात ‘टिपल्याची वेळ’.

येथेच विसंगती शिरली. इतर सर्व तपशील फाईलच्या पोटातून वाचला जात होता; ही एक ओळ मात्र फाईल-प्रणालीला विचारून, म्हणजे बाहेरून, घेतली जात होती. वाचकाला दोन्ही एकाच यादीत, एकाच धाटणीत दिसत होते.

फाईलच्या तीन वेळा

युनिक्स परंपरेत प्रत्येक फाईलसाठी तीन वेळा नोंदवल्या जातात. ‘ए-टाइम’ म्हणजे फाईल शेवटची वाचली गेली ती वेळ. ‘एम-टाइम’ म्हणजे फाईलमधील मजकूर शेवटचा बदलला ती वेळ. ‘सी-टाइम’ म्हणजे फाईलच्या स्थितीत शेवटचा बदल झाला ती वेळ. मजकुराबरोबरच मालकी, परवानग्या, तिच्याकडे निर्देश करणाऱ्या नावांची संख्या यांपैकी काहीही बदलले की ती पुढे सरकते.

‘सी-टाइम’ या नावाविषयी एक जुना गैरसमज आहे. त्यातील आद्याक्षरामुळे ती फाईलच्या निर्मितीची वेळ असावी असे अनेकांना वाटते. मायक्रोसॉफ्टच्या सी भाषेच्या ग्रंथालयात त्याच नावाच्या क्षेत्रात खरोखरच निर्मितीची वेळ मिळते, त्यामुळे गोंधळ अधिक वाढतो. लिनक्समध्ये मात्र या तिन्ही वेळांपैकी एकही निर्मितीची वेळ नाही. काही फाईल-प्रणाली ती वेगळी साठवतात. परंतु ती वाचण्याची सर्वसाधारण सोय कर्नलमध्ये २०१७ सालच्या ४.११ या आवृत्तीपासून झाली.

या तिन्हींमध्ये ‘सी-टाइम’चे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘ए-टाइम’ व ‘एम-टाइम’ वापरकर्त्याला हव्या त्या मूल्याला नेऊन ठेवता येतात. ‘सी-टाइम’ तशी ठेवता येत नाही. तिचे मूल्य कर्नलच ठरवतो. त्यामुळे ती अधिक विश्वासार्ह असल्याचा भास होतो. परंतु एखादा साक्षीदार खोटे बोलू शकत नाही याचा अर्थ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला माहीत आहे असा होत नाही. ‘सी-टाइम’ प्रामाणिकपणे सांगते ती शेवटच्या हाताळणीची वेळ. मापन केव्हा झाले, हा प्रश्न तिच्या अखत्यारीतला नाही.

चुकीचे स्वरूप

‘टिपल्याची वेळ’ ही ओळ ‘सी-टाइम’वर अवलंबून असताना ती कोणकोणत्या परिस्थितीत चुकत असे, हे पाहिल्यास दोष अपवादात्मक नसून नित्याच्या वापरातच अनुस्यूत होता असे दिसते.

पहिला प्रसंग फाईल पाठविण्याचा. मापन झालेली फाईल ‘टार’ या साधनाने बांधून दुसऱ्या यंत्रावर पाठवली व तेथे उघडली, तर ‘टार’ मूळची ‘एम-टाइम’ काळजीपूर्वक परत बसवते. ‘सी-टाइम’ मात्र परत बसवता येतच नाही. ती गठ्ठा उघडल्याच्या क्षणाची होते. परिणामी मार्च महिन्यात टिपलेले मापन जूनमध्ये उघडले, तर अहवाल ते जूनमध्ये टिपल्याचे सांगत असे.

दुसरा प्रसंग परवानग्यांचा. संपूर्ण यंत्राचे मापन करण्यासाठी पुष्कळदा प्रशासकाचे अधिकार घ्यावे लागतात. अशा वेळी तयार होणारी ‘पर्फ.डेटा’ ही फाईल प्रशासकाच्या मालकीची असते व तिची परवानगी केवळ मालकापुरती असते. सामान्य वापरकर्त्याला ती वाचावयाची तर मालकी तरी बदलावी लागते किंवा परवानगी तरी. यांतील कोणतीही कृती केली की ‘सी-टाइम’ पुढे सरकते. म्हणजे अहवाल वाचण्यासाठी जी कृती करावी लागे, तीच अहवालातील तारीख बिघडवीत असे.

तिसरा प्रसंग सर्वाधिक बोलका आहे. ‘पर्फ रेकॉर्ड’ ही आज्ञा त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा दिली, तर आधीची ‘पर्फ.डेटा’ ही फाईल पुसली जात नाही. तिचे नाव बदलून ‘पर्फ.डेटा.ओल्ड’ केले जाते. ‘ईएक्सटी४’सारख्या प्रचलित फाईल-प्रणालींमध्ये नाव बदलले की ‘सी-टाइम’ही बदलते. समजा, सकाळी दहा वाजता अर्ध्या मिनिटाचे एक मापन केले. दिवसभर आज्ञावलीत सुधारणा केल्या. दुपारी चार वाजता पुन्हा अर्ध्या मिनिटाचे मापन केले. आता जुन्या फाईलची ‘टिपल्याची वेळ’ दुपारचे चार आणि नव्या फाईलची चार वाजून अर्धे मिनिट अशी दिसणार. सहा तासांचे अंतर अर्ध्या मिनिटावर आले. येथे वापरकर्त्याने फाईलला हातही लावलेला नाही. साधनाने स्वतःच नाव बदलले, आणि त्या बदलामुळे साधनाचीच साक्ष फिरली.

हा तिसरा प्रसंग विशेष गंभीर मानावा लागतो, कारण ‘पर्फ डिफ’ ही दोन मापनांची तुलना करणारी आज्ञा, वेगळे काही न सांगितल्यास, नेमक्या याच दोन फाईली घेते. सुधारणेपूर्वी व सुधारणेनंतर ही तुलना म्हणजे कार्यमापनाच्या सर्व खटाटोपाचे सार. त्या तुलनेतील ‘पूर्वी’ची वेळच अहवालात चुकीची येत होती.

परिणामांचा विचार

आकडे बरोबर असतील, नमुने बरोबर असतील, तर शीर्षभागातील एका ओळीने काय बिघडते, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर मापनाच्या उपयोगात आहे. मोठ्या आज्ञावलीत दररोज अनेक जणांकडून अनेक बदल होत असतात. एखाद्या दिवशी ती संथ झाल्याचे लक्षात येते, तेव्हा जुनी मापने काढून ती बदलांच्या नोंदवहीशी ताडून पाहिली जातात. कोणत्या मापनापर्यंत वेग ठीक होता व कोणत्या मापनापासून तो घटला, यावरून संशयित बदल निश्चित केला जातो. या ताडण्यात मापनाची वेळ हाच दुवा असतो. तो दुवा चुकला तर दोष चुकीच्या बदलावर, आणि पर्यायाने चुकीच्या व्यक्तीवर, जाऊन पडतो. निर्दोष बदल मागे घेतला जातो व सदोष बदल तसाच राहतो.

याखेरीज एक तांत्रिक कारणही आहे. ‘पर्फ’च्या प्रत्येक नमुन्याला स्वतःची कालमुद्रा असू शकते व ती अतिशय सूक्ष्म, नॅनोसेकंदाच्या एककात, असते. परंतु हे घड्याळ साधारणतः यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ मोजणारे अंतर्गत घड्याळ असते. भिंतीवरच्या घड्याळाशी वा दिनदर्शिकेशी त्याचा थेट संबंध नसतो. दोन नमुन्यांमध्ये किती काळ गेला हे ते बिनचूक सांगते, तो दिवस कोणता हे सांगत नाही. त्यामुळे नेहमीच्या वापरात मापनाला दिनदर्शिकेशी जोडणारी अहवालातील एकमेव ओळ म्हणजे ‘टिपल्याची वेळ’. सूक्ष्म काळ अचूक आणि स्थूल काळ अविश्वसनीय, अशी ही विपरीत अवस्था होती.

दुरुस्ती आणि तिचे मूल्यमापन

लिनक्सच्या ५.x मालिकेच्या आरंभीच्या काळात ही चूक दुरुस्त करण्यात आली. दुरुस्ती अगदी अल्पाक्षरी होती : ओळ छापताना ‘सी-टाइम’ऐवजी ‘एम-टाइम’ वाचावी. फाईलवर कोणतीही क्रिया केली की ‘सी-टाइम’मुळे वेळेची माहिती नष्ट होते, आणि ‘टार’सारख्या ‘एम-टाइम’ जपणाऱ्या साधनाचाही त्यापुढे उपयोग होत नाही, हे कारण त्यामागे होते.

वर वर्णिलेल्या तिन्ही प्रसंगांत ही दुरुस्ती यशस्वी ठरते. ‘टार’ने उघडलेल्या फाईलची ‘एम-टाइम’ मूळचीच राहते. मालकी, परवानगी व नाव यांतील बदलांचा तिच्यावर परिणाम होत नाही. शिवाय दुरुस्तीपूर्वी तयार झालेल्या जुन्या फाईलींनाही तिचा लाभ मिळतो, कारण फाईलच्या रचनेत काहीच बदललेले नाही. बदलली ती केवळ वाचनाची पद्धत. फाईलची रचना बदलणारी कोणतीही दुरुस्ती हा लाभ देऊ शकली नसती. या दृष्टीने पाहता दुरुस्तीचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा अशी, की ‘एम-टाइम’ जपली जाणे हे वाहकावर अवलंबून आहे. साध्या ‘सीपी’ आज्ञेने प्रत केली, किंवा ‘एससीपी’ने वेळ जपण्याचा पर्याय न देता दुसऱ्या यंत्रावर पाठवली, तर नव्या प्रतीची ‘एम-टाइम’ ही प्रत केल्याची वेळ होते. नक्कलकाराच्या शकाचा दोष अशा वेळी पूर्ववत उभा राहतो.

दुसरी मर्यादा काळाच्या अर्थाची आहे. ‘एम-टाइम’ ही शेवटच्या लेखनाची वेळ. म्हणजे जास्तीत जास्त ती मापन संपल्याची वेळ सांगेल. मापन अर्ध्या मिनिटाचे असेल तर हा फरक क्षुल्लक ठरतो. सहा तास चाललेल्या मापनात मात्र आरंभ व शेवट यांत सहा तासांचे अंतर असते, आणि ‘टिपल्याची वेळ’ या शब्दप्रयोगातून यांपैकी कोणते टोक अभिप्रेत आहे हे वाचकाला कळत नाही. दुपारी दोन वाजता सर्व्हर संथ झाल्याची तक्रार असेल, तर तो क्षण या मापनाच्या कक्षेत येतो की नाही हे त्या ओळीवरून ठरविता येत नाही.

तिसरी मर्यादा स्थळाची आहे. ही वेळ छापताना ती वाचणाऱ्याच्या यंत्रावरील स्थानिक वेळेत रूपांतरित होते व कोणत्या कालविभागातील वेळ आहे याचा उल्लेख ओळीत नसतो. भारतात सायंकाळी साडेपाचला टिपलेले मापन इंग्लंडमध्ये हिवाळ्यात वाचले तर त्यावर दुपारचे बारा दिसतील. दोन्ही वाचने आपापल्या जागी योग्य आहेत. पण पुण्यातील व लंडनमधील दोन सहकारी दूरध्वनीवरून त्याच अहवालाविषयी बोलू लागले, तर दोघांच्या समोरची ओळ भिन्न असेल आणि तसे का आहे हे ओळ सांगणार नाही.

अंतःसाक्ष्याचा मार्ग

या मर्यादांचे मूळ एकच आहे. दुरुस्तीने एका बहिःसाक्ष्याच्या जागी दुसरे, अधिक चांगले बहिःसाक्ष्य ठेवले. अंतःसाक्ष्याकडे ती वळली नाही. याच क्षेत्रातील अन्य साधनांनी, किंबहुना ‘पर्फ’नेही अन्य बाबतींत, कोणता मार्ग स्वीकारला आहे हे पाहिले म्हणजे ही उणीव अधिक ठळक होते.

ज्या आज्ञावलीचे मापन झाले तीच आज्ञावली अहवालाच्या वेळी समोर आहे ना, हा कार्यमापनातील एक मूलभूत प्रश्न होय. आज्ञावली पुन्हा बांधली गेली असेल, तर जुने नमुने नव्या आज्ञावलीच्या भलत्याच भागावर जाऊन बसतात. येथे ‘पर्फ’ फाईलच्या तारखेवर विसंबत नाही. आज्ञावली बांधतानाच तिच्या आशयावरून काढलेली ‘बिल्ड-आयडी’ नावाची खूण तिच्यात नोंदवलेली असते. सर्वसाधारणपणे ही खूण १६० बिटांची असते. ‘पर्फ’ ती खूण मापनाच्या फाईलमध्ये उतरवून घेतो व अहवालाच्या वेळी ताडून पाहतो. फाईल कोठेही नेली, कितीही वेळा प्रत केली, तरी खूण बदलत नाही. म्हणजे ‘काय मोजले’ या प्रश्नाला ‘पर्फ’ अंतःसाक्ष्याने उत्तर देतो, आणि ‘केव्हा मोजले’ या प्रश्नाला मात्र बहिःसाक्ष्याने. एकाच अहवालात प्रामाण्याच्या या दोन भिन्न कसोट्या नांदतात.

‘जीकॉव्ह’ या साधनाचे उदाहरणही उद्‌बोधक आहे. आज्ञावलीचा कोणता भाग किती वेळा चालला हे ते मोजते. संकलनाच्या वेळी तयार होणारी टिपणांची फाईल व प्रत्यक्ष चालविताना तयार होणारी आकड्यांची फाईल या दोहोंमध्ये एक समान मुद्रा लिहिलेली असते आणि मुद्रा जुळली नाही तर साधन तशी सूचना देते. ही मुद्रा खरी वेळच असली पाहिजे असे नाही. दोन भिन्न संकलने वेगळी ओळखता आली की पुरे, अशी भूमिका साधनाच्या मूळ संहितेतील टिपणीत स्पष्ट मांडलेली आहे. वेळेचा उपयोग ओळखीसाठी करावयाचा, पण तिला इतिहासाचा दर्जा द्यावयाचा नाही, हा विवेक तेथे दिसतो.

‘व्हॅलग्रिंड’ या साधनसंचातील ‘कॅशग्रिंड’ फाईलच्या बाह्य तारखेचाच उपयोग करते, पण वेगळ्या वृत्तीने. आज्ञावलीची मूळ संहिता मापनाच्या फाईलपेक्षा अलीकडची दिसली, तर ओळींचे क्रमांक बदललेले असू शकतात व म्हणून आकडे चुकीच्या ओळींसमोर पडतील, असा इशारा ते देते. हा इशारा कधी अनाठायी ठरतो. फाईलची नुसती प्रत केली तरी तो येऊ शकतो. परंतु तो इशारा आहे, निवेदन नव्हे. बहिःसाक्ष्याचा उचित वापर कसा असावा याचा हा नमुना होय : संशय व्यक्त करण्यास ते पुरेसे असते, निर्णय देण्यास नव्हे.

एकूण क्षेत्राची दिशाही हीच आहे. संकलित आज्ञावली व तिची मूळ संहिता यांचा संबंध नोंदवणाऱ्या ‘ड्वॉर्फ’ या प्रमाणित रचनेत पूर्वी प्रत्येक मूळ फाईलची शेवटच्या बदलाची वेळ व तिचा आकार यांसाठी जागा राखलेली असे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीत त्यांच्या जोडीला फाईलच्या आशयावरून काढलेली ‘एमडी५’ खूण नोंदविण्याची सोय झाली. तारखेच्या साक्षीला आशयाच्या साक्षीची जोड मिळाली.

आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की वेळ फाईलच्या आत लिहिली तरी ज्या यंत्रावर मापन झाले त्याचे घड्याळच चुकीचे असू शकते. हे खरे आहे. परंतु चुकीच्या घड्याळाने दिलेली आंतरिक नोंद निदान एकदाच चुकते व ती चूक कायम राहते. त्याच यंत्रावरील इतर नोंदींशी ताडून तिचे मोजमाप करता येते. बाह्य नोंद मात्र प्रत्येक हाताळणीनिशी नव्याने चुकत जाते आणि पूर्वीच्या चुकीचा मागमूसही ठेवत नाही.

दुसरा आक्षेप असा, की जुन्या फाईलींमध्ये आंतरिक नोंद नाहीच, तेव्हा ‘एम-टाइम’वाचून गत्यंतर नाही. हाही आक्षेप ग्राह्य आहे. मात्र त्याचा निष्कर्ष ‘एम-टाइम’ वापरावी एवढाच निघतो. तिला ‘टिपल्याची वेळ’ म्हणावे असा निघत नाही. ‘फाईलमध्ये शेवटचा बदल’ असे शीर्षक दिले असते तर ओळ सर्व परिस्थितींत खरी राहिली असती. प्रत केलेल्या फाईलच्या बाबतीतही ते विधान असत्य ठरत नाही. शीर्षक बदलण्यास नवी रचना लागत नाही व जुन्या फाईलींनाही बाध येत नाही.

आंतरिक नोंदीची शक्यताही केवळ कल्पनेतील नाही. २०२० साली ‘पर्फ’च्या फाईलमध्ये अशी एक भर पडली, की मापनासाठी विशिष्ट घड्याळ निवडल्यास त्या घड्याळाची वेळ व त्याच क्षणीची भिंतीवरच्या घड्याळाची वेळ या दोहोंची जोडी फाईलमध्येच लिहिली जाते. या जोडीच्या आधारे प्रत्येक नमुन्याची दिनदर्शिकेतील वेळ काढता येते. ज्या अंतःसाक्ष्याचा अभाव होता ते येथे उपलब्ध झाले. मात्र ते मागितल्यासच मिळते. नेहमीच्या मापनात ते लिहिले जात नाही. बहुसंख्य वापरकर्ते घड्याळ निवडण्याच्या भानगडीत पडत नाहीत, त्यामुळे बहुसंख्य अहवालांसाठी शीर्षभागातील जुनीच ओळ एकमेव आधार उरते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘सी-टाइम’वर आधारलेली ‘टिपल्याची वेळ’ ही अपवादात्मक परिस्थितीत नव्हे, तर फाईल पाठवणे, मालकी बदलणे व पुन्हा मापन करणे या नित्याच्या कृतींमध्येच चुकत होती. शेवटच्या कृतीत तर साधनाच्या स्वतःच्या वर्तनामुळेच ती चुकत होती.

२. ‘एम-टाइम’कडे वळणारी दुरुस्ती योग्य, किफायतशीर व जुन्या फाईलींनाही उपकारक आहे. तिची मर्यादा अशी, की ती प्रत करण्याच्या कृतीपुढे टिकत नाही, मापनाचा आरंभ सांगत नाही आणि कालविभागाचा उल्लेख करीत नाही.

३. ‘काय मोजले’ यासाठी आशयाधारित खूण वापरणाऱ्या साधनाने ‘केव्हा मोजले’ यासाठीही आरंभ व शेवट यांची जागतिक प्रमाणवेळेतील नोंद फाईलच्या आतच, न मागता, ठेवणे सुसंगत ठरेल. अशी नोंद आणि फाईलची बाह्य तारीख यांत तफावत आढळल्यास दोन्ही छापाव्यात.

४. जेथे अशी नोंद नाही तेथे ओळीचे शीर्षकच बदलावे. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच विधानाने सांगावे.

यांपैकी चौथा निष्कर्ष सर्वांत कमी श्रमाचा आहे व कदाचित सर्वाधिक महत्त्वाचा. कार्यमापन साधन वापरणारी व्यक्ती स्वतःच्या अंदाजावर अविश्वास दाखवूनच त्या साधनाकडे आलेली असते. तिने आपला तर्क बाजूला ठेवून साधनाच्या शब्दावर भरवसा ठेवलेला असतो. म्हणून आकड्यांच्या अचूकतेची जी दक्षता साधन घेते, तीच दक्षता आकड्यांच्या डोक्यावर छापलेल्या शब्दांबाबतही घेतली जाणे अगत्याचे आहे.